साडेतीन कोसांची तवंदी

जत्राट गावात मला अजून 'विलायती पारिसा' म्हणतात. तीन वर्षं लंडनात राहून आलेला माणूस आमच्या आसपासच्या गावांत दुसरा नाही, त्यामुळे कुणाकडे पाहुणा आला की त्याला मला दाखवायला आणतात. बोट केवढी होती, राजा दिसला का, गोऱ्या बायका चूल कशी पेटवतात, असले प्रश्न. मी उत्तरं देतो. देऊन देऊन ती गुळगुळीत झाली आहेत. पण कुणी आक्काचं नाव काढलं की मी उठतो आणि बैलांना पाणी दाखवायला जातो. बैलांना तहान असो वा नसो.

आता लिहूनच काढतो. मराठी चौथीपर्यंत शिकलो आहे, अक्षर बरं आहे, आणि तोंडानं सांगायची माझी कुवत नाही.

आक्का म्हणजे ब्राह्मी, माझी थोरली बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. ती सोळाची असताना नवरा गेला आणि भोजेहून ती माहेरी परत आली. त्याच साली आमची आई वारली. मी चार वर्षांचा होतो. आक्कानं लुगड्याचा पदर खोचला आणि मला, वडिलांना आणि गुऱ्हाळाला, तिघांनाही एकदमच सांभाळायला घेतलं. तिघांत गुऱ्हाळ तेवढं शहाणं होतं.

वेदगंगेच्या काठी आमचा ऊस. हंगामात चुलवाणावर काहिलीत रस उकळत असायचा आणि सगळ्या शिवारात तो वास. गूळ करणारा पगारी गुळव्या असायचा, पण शेवटचा शब्द आक्काचा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, त्याची गोळी वळायची, ती गोळी जिभेवर ठेवून आक्का डोळे मिटायची. "आजून दोन उकळ्या," म्हणाली की दोन. तीन नाही, एक नाही. निपाणीच्या पेठेत आमची ढेप फोडून बघत नसत. आणि गुळाचं तिला वेड होतं. भाकरीशी गूळ, भाताशी गूळ, काही नसलं तर नुसता गूळ. मी चिडवायचो, "आक्का, एक दिवस तुला मुंगळं उचलून नेतील गं."

"नेऊ देत की. त्यास्नी बी गूळच घालीन."

चूल मला तिनंच शिकवली. पुढं मी लग्नाकार्यात स्वयंपाक करू लागलो आणि पारिसाच्या हाताला चव आहे असं लोक म्हणू लागले. म्हणून तर १९२३ साली निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याचं बोलावणं आलं. त्यांचा मुलगा चंद्रप्पा बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघाला होता. मुलाच्या पोटात भलतंसलतं जाऊ नये, म्हणून घरच्यांना आपल्यातला, नेमाधर्माचा स्वयंपाकी बरोबर द्यायचा होता. कांदा-बटाटा न खाणारा, पाणी गाळून पिणारा, सूर्य मावळला की तोंड बंद करणारा. मी तेव्हा तसा होतो.

निघायच्या दिवशी आक्कानं मला पाणी गाळायची चार फडकी दिली आणि घरातली सगळ्यात चांगली ढेप दिली. डोळ्यांत पाणी आणलं नाही. एवढंच म्हणाली, "परत आलास की दोघं तवंदीला जाऊ. पायी."

तवंदी म्हणजे स्तवनिधी. निपाणीच्या पलीकडं घाटात पार्श्वनाथाचं आणि ब्रह्मदेवाचं जैन ठिकाण. आमच्या दारापासून साडेतीन कोस. सकाळी निघालं तर दुपारी दर्शन. आमच्या घरात एक समज होता, की तवंदीला खोटं तोंड घेऊन जाऊ नये. मी म्हणालो, "जाऊ की." त्यात काय अवघड होतं?

लंडनात आम्ही एका बाईच्या घरात भाड्यानं राहत होतो. स्वयंपाकघर तळघरात. पहिल्या दिवशी मी नळाला फडकं बांधलं, तर घरमालकीण बघायला आली आणि नळाला काय लागलं म्हणून विचारू लागली. चंद्रप्पानं तिला काय सांगितलं कोण जाणे, पण त्या दिवसापासून ती मला भीत असे. उन्हाळ्यात सूर्य रात्री नऊपर्यंत मावळेना, तेव्हा मी चैन केली. हिवाळ्यात तो चारलाच मावळायला लागला. साडेतीनला जेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी आठला उजाडेपर्यंत पोटाला पीळ. थंडी अशी, की हाडं वाजत. पहिला हिवाळा मी आक्काच्या गुळावर काढला. दुपारी मावळायच्या आत एक खडा तोंडात टाकायचो. ढेप दीड वर्ष पुरवली.

दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. घरमालकिणीनं मांसाचं पातेलं चुलीवर ठेवलं आणि मला खुणेनं सांगून बाहेर गेली, की जरा लक्ष ठेव, लागू देऊ नको. साडेचार वाजलेले, बाहेर काळोख. मी ढवळत होतो. सगळ्या तळघरात तो वास. मी स्वयंपाकी माणूस, मीठ किती आहे हे बघितल्याशिवाय माझा हात थांबत नाही. मी चमचा तोंडाला लावला.

पहिला चमचा मिठासाठी होता. दुसरा कशासाठी होता, ते मला माहीत आहे.

कुणी जबरदस्ती केली नव्हती. आजारी नव्हतो, उपाशी मरत नव्हतो. त्या हिवाळ्यात असं पाच वेळा झालं. पाचव्यांदा मी वाटी घेतली. त्यानंतर मात्र स्वतःचीच किळस आली आणि ते बंद झालं. पण घरी धाडलेल्या पत्रात मी लिहिलं, 'सर्व नेम नीट पाळतो आहे, काळजी नसावी.' आक्काला वाचता येत नव्हतं. ती पत्र घेऊन बस्तीत, म्हणजे गावच्या जैन देवळात, जायची आणि तिथले पुजारी उपाध्ये तिला वाचून दाखवायचे. ते वाक्य ती दोनदा वाचायला लावायची, असं त्यांनीच मला पुढं सांगितलं.

१९२६ च्या माघात मी परत आलो. चंद्रप्पा बॅरिस्टर होऊन बेळगावात कॅम्पात बंगला करून राहिला, त्याचं बरंच झालं. मला गावानं हार घातला. आक्का दारात उभी होती. भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिलंच वाक्य बोलली, "कवा जायाचं तवंदीला?"

"या महिन्यात नको गं. दमलोय."

तिथून सुरुवात झाली. गावच्या बस्तीत मी जायचो, पण दाराशीच उभा राहून, गर्दीच्या मागं, हात जोडल्यासारखं करून परत यायचो. तवंदीची गोष्ट वेगळी होती. आक्काच्या शेजारी उभा राहून तिथं हे तोंड उघडायचं, हा विचारच नको वाटे. खाई त्याला खवखवे. दर वर्षी गुऱ्हाळ उतरलं की फाल्गुनात आक्का विचारायची, "येतोस का यंदा?" आणि माझ्याकडं कारण तयार असायचं. एकदा माझं लग्न. एकदा प्रेमलाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, बाळंतपण. एकदा पायाला काटा. एकदा घाटात वाघरू दिसलंय म्हणून. त्या वर्षी लोकांच्या झुंडी तवंदीला जाऊन आल्या, वाघरानं कुणालाही विचारलं नाही.

"लोकांसंगं जा की," मी एकदा खेकसलोसुद्धा.

"लोकांसंगं कशाला? तू हाईस की." एवढंच म्हणाली.

आणि मी या काळात घरी बसलो होतो असं समजू नका. लांबच्या यात्रेनं पाप धुतलं जाईल असं डोक्यात घेऊन मी यात्रेकरूंच्या मेळ्यांबरोबर स्वयंपाकी म्हणून जाऊ लागलो. सम्मेदशिखराला दोनदा गेलो, श्रवणबेळगोळला गेलो, गिरनारला गेलो. प्रत्येक ठिकाणी ठरवून जायचो, की या वेळी देवापुढं सगळं ओकून टाकायचं. आणि प्रत्येक ठिकाणी डोंगराच्या पायथ्याशी चुलीजवळ बसून राहायचो. कुणीतरी विस्तव सांभाळायला हवा ना! लोक वर जाऊन उजळलेल्या चेहऱ्यानं खाली यायचे आणि मी त्यांना वाढायचो. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी हजार मैलांचा घातला. परत आलो की आक्का माझ्या पाया पडायची. यात्रेहून आलेल्याच्या पाया पडतात, तशी. ती पडायची आणि मी पडू द्यायचो.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढं होती आणि मला दिसली नाही. गुऱ्हाळात आक्का आता पाकाची गोळी जिभेवर ठेवत नव्हती. गोळी वळायची, तांब्याच्या ताटलीवर टाकायची आणि कान लावून ऐकायची. टण्ण वाजली की पाक झाला. लोक कौतुक करायचे, की ब्राह्मीआक्का कानानं गूळ चाखते. मीही करायचो. पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला न्यायचो. भाकरीशी ती चटणी घ्यायची, संक्रांतीला तीळ नुसतेच खायची. मी म्हणायचो, वय झालं, गोडावरची वासना गेली. चवीचा एवढा जाणकार म्हणवणारा मी, आणि पंधरा वर्षं माझ्यासमोरच्या ताटात काय नाही, ते मला कळलं नाही.

१९४१ च्या सुरुवातीला आक्का आजारी पडली. वय चोपन्न, पण अंगात रक्तच उरलं नव्हतं. चार पावलं चालली की धाप लागायची. निपाणीच्या वैद्यांनी चूर्ण दिलं आणि बजावलं, जुन्या गुळातूनच द्यायचं. आक्कानं ते पाण्याबरोबर घेतलं. दुसऱ्या दिवशीही पाण्याबरोबर. प्रेमलानं समजावलं, मी समजावलं, मग मी ओरडलो. "गूळ काय इख हाय का गं? जल्मभर ढेपा खाल्ल्यास आनी आता औषधाला नको?"

"पाण्यातनं बी लागू पडतंय," ती म्हणाली.

माझा तापट स्वभाव सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी चुलीपुढं बसलो. तांदळाची पातळ पेज केली, दूध घातलं, आलं आणि वेलदोडा जरा जास्तच घातला, आणि त्यात चूर्णाबरोबर गूळ विरघळवला. चंद्रप्पाकडं जेवायला येणाऱ्या साहेबांना ते काय खातायत हे कळू न देता भोपळा खाऊ घातलेला माणूस मी. मला वाटलं, कुणाच्या बापाला कळणार नाही.

आक्का सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. दोन घास घेतले. तिसरा तोंडाजवळ नेला आणि थांबली. माझ्याकडं बघितलं.

"ह्यात काय घाटलंस, पारिसा?"

"काय न्हाय. साखर."

तिनं वाटी खाली ठेवली. उठली, भिंत धरत धरत परसात गेली, बराच वेळ चुळा भरत राहिली. परत आली ती कांबळं घेऊन पडली. त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नुसतं गाळलेलं पाणी. आधीच अंगात जीव नाही, त्यात हा उपास. प्रेमला घाबरून बस्तीत धावली आणि उपाध्यांना घेऊन आली.

उपाध्ये म्हातारे झाले होते. त्यांनी आक्काकडं बघितलं, मग मला अंगणात ओढून नेलं. "गूळ कुनी घाटला?"

"मी. वैद्यांनी सांगितलंय. का?"

"तू विलायतेला गेलास त्या दिशी ह्या बाईनं माझ्यासमोर, देवाच्या साक्षीनं नेम धरला. पारिसा सुखरूप परत येऊ दे, दोघं भाऊ-बहीण पायी तवंदीला जाऊ, दर्शन हुईस्तवर गूळ वर्ज्य. अठरा वरसं झाली. काय चुकलं म्हणून ती आता उपास करती? तिचं काय चुकलं रं?"

मी अंगणात खाली बसलो. मला आठवली ती ढेप. घरातली सगळ्यात चांगली ढेप तिनं मला दिली होती आणि दीड वर्ष मी ती मिटक्या मारत खाल्ली होती. मला आठवलं ते वाघरू, तो काटा. आणि 'साखर' हा शब्द तर अजून तोंडातून पुरता बाहेरही पडला नव्हता असं वाटलं.

आत जाऊन मी तिच्या पायांशी बसलो. "आक्का, सांगितलं का न्हाईस?"

"नेम मी धरला हुता, त्वा न्हवं," ती छताकडं बघत म्हणाली. "सांगून नेलं आसतं, तर ती यात्रा न्हवं, वेठ झाली आसती."

"चल. परवाच्या दिशी निघू."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं मान वळवली. अठरा वर्षं वाट बघितलेली बाई, पण खूश झालेली दिसली नाही. स्वतःच्या पायांकडं बघत होती.

तिला थोडी ताकद येईपर्यंत महिना गेला. फाल्गुनात आम्ही निघालो. गाडी घेऊ म्हणालो तर नुसतं बघितलं. हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. एरवी दुपारपर्यंत दर्शन व्हायचं, तिथं आम्हाला निपाणी गाठायलाच सूर्य कलला. प्रेमलाच्या भावाकडं मुक्काम केला. वाटेत आक्का एकेक गोष्ट दाखवत होती, हा ऊस कुणाचा, ही विहीर कुणी बांधली, इथं लहानपणी मी तिच्या कडेवर कसा झोपलो होतो. मी जगाच्या पाठीवर एवढा फिरलो, पण कुठल्याच वाटेकडं असं बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी एका चिंचेखाली ती बसली आणि उठली नाही. छातीचा भाता चाललेला. तासभर थांबलो. उठवायला गेलो तर पुन्हा खाली बसली.

"पाठीवर बस माझ्या."

"पायी म्हणलं हुतं."

"आगं, देव काय पावलं मोजतोय?"

"देव न्हाय मोजत. मी मोजते." मग म्हणाली, "दोन वरसांमागं आलो आसतो, तर चढले आसते बघ."

ती टोमणा मारत नव्हती. जे होतं ते सांगत होती. त्यानंच माझा बांध फुटला. तिथंच, चिंचेखाली, मी सगळं सांगून टाकलं. तळघर, काळोख, पातेलं, पहिला चमचा, दुसरा चमचा, वाटी, पत्र. वर न बघता सांगितलं. संपलं तेव्हा रस्त्यानं एक बैलगाडी गेली, तिच्या घुंगरांचा आवाज लांब जाईपर्यंत आक्का तिकडं बघत राहिली.

"पाच बारी?"

"व्हय."

"आनी त्येच्यापायी पंधरा वरसं तवंदी चुकवलीस?"

"व्हय."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मीठ तरी बराबर हुतं का रं?"

मला हसू आलं, आणि हसता हसता मी लहान पोरासारखा रडू लागलो. तिनं काठी बाजूला ठेवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "जा वर. मला जे सांगितलंस ते तिथं सांग. मी बसते हितं."

मी एकटा वर गेलो. सगळं सांगितलं. काही झालं नाही. मूर्ती हलली नाही, वीज पडली नाही, पुजाऱ्यानं सगळ्यांना देतो तसं गंध दिलं. एवढ्याच भीतीपायी मी माझ्या बहिणीचे चालते पाय फुकट घालवले होते.

खाली आलो. उपरण्यात बांधून आणलेला गुळाचा खडा सोडला आणि तिच्यापुढं धरला. आक्कानं माझं कपाळ बघितलं, गंध बघितलं.

"आज आलास बघ विलायतेस्नं," ती म्हणाली.

मग खडा हातात घेतला. नखानं टिचकी मारली, कानाशी नेला, वास घेतला. "पाक चांगला उतरलाय," म्हणाली आणि खडा परत उपरण्यात बांधून माझ्या हातात दिला.

"खा की गं आक्का. झालं की दर्शन."

"तुझं झालं. दोघं म्हणलं हुतं न्हवं?"

मी हात जोडले, पाया पडलो, ओरडलो, उपाध्ये मोकळं करतील म्हणालो. ती नुसती हसत राहिली. घरी येताना मात्र गाडीत बसली. परतीच्या वाटेचं तिच्या नेमात काही नव्हतं.

आणखी तीन वर्षं ती होती. घाट चढण्याएवढी ताकद पुन्हा आली नाही. वैद्यांचं चूर्ण शेवटपर्यंत पाण्यातून घेतलं. १९४४ च्या हंगामात, काहील उतरायच्या दिवसांत गेली. त्याच्या आदल्या आठवड्यातही तिनं अंथरुणावरून ताटलीचा आवाज ऐकून सांगितलं होतं, "आजून एक उकळी."

यंदा सगळीकडे स्वातंत्र्याचे पेढे वाटले, तेव्हा उपाध्ये मला म्हणाले, "पारिसा, आता तू तिच्या नावानं गूळ सोड. मनाला बरं वाटंल." मी नाही म्हणालो. त्यांना राग आला असावा. पण सोडला तर मला बरं वाटेल, आणि बरं वाटून घ्यायचा हक्क मी, ती चिंचेखाली बसली आणि उठली नाही, तेव्हाच घालवून बसलोय. मी रोज खातो. भाकरीशी खातो, आमच्याच काहिलीतला, आणि तो अजूनही गोड लागतो.